दोन नळ, दोन पाने

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने हौदाचे गणित केव्हा ना केव्हा सोडविलेले असते. एका नळाने हौद चार तासांत भरतो, दुसऱ्याने तो सहा तासांत रिकामा होतो. दोन्ही नळ एकाच वेळी सोडले, तर हौद भरावयास किती वेळ लागेल? उत्तर बारा तास असे येते. हे गणित मुलांना रुक्ष वाटते आणि मोठेपणी त्याचे विस्मरण होते. परंतु त्यातील मर्म विसरण्यासारखे नाही. आत येणारे पाणी आणि बाहेर जाणारे पाणी यांचा एकत्र विचार केल्यावाचून हौदाच्या स्थितीविषयी काहीही सांगता येत नाही, हेच ते मर्म होय. आता अशी कल्पना करावी की, एखाद्या पुस्तकात पहिल्या नळाची माहिती दहाव्या पानावर आणि दुसऱ्या नळाची माहिती साठाव्या पानावर छापली आहे. एका वेळी एकच पान उघडता येते. आणि उत्तर चुकले तर केवळ गुण जात नाहीत, माणसांचे प्राण जातात.

ही कल्पना अतिशयोक्तीची वाटेल. परंतु ती तशी नाही. मोठ्या कारखान्यांचे नियंत्रण आज संगणकाच्या पडद्यांवरून चालते, आणि अशा तऱ्हेने विभागलेल्या पडद्यांपुढे बसलेल्या माणसांवर अकरा वर्षांच्या अंतराने दोनदा घोर प्रसंग ओढवल्याची अधिकृत नोंद आहे. नियंत्रण-कक्षात बसून यंत्रसमूह चालविणाऱ्या या माणसास कारखान्यात सर्वजण ऑपरेटर म्हणतात. येथे त्याला चालक म्हटले आहे. त्याच्यापुढील पडद्यावर कोणते पान असावे, एका पानावरून दुसऱ्या पानावर त्याने कसे जावे, आणि कोणती गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढून कधीही हलू नये, हा प्रश्न वरकरणी सजावटीचा दिसतो. वस्तुतः तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार त्याच गांभीर्याने झाला पाहिजे.

टेक्सस सिटी आणि मिलफर्ड हेवन

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सस सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात सुमारे १७० फूट उंचीचा एक ऊर्ध्वपातन-मनोरा दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करण्यात येत होता. अशा मनोऱ्याच्या तळाशी काही फूट द्रव असावा, एवढीच अपेक्षा असते. त्या दिवशी तीन तासांहून अधिक काळ मनोऱ्यात द्रव पंपाने भरला जात होता आणि बाहेर पडण्याचा मार्ग बंद होता. द्रवाची पातळी दाखविणारे मापक केवळ तळाकडील भागापुरते होते, व तेही सदोष होते. मनोरा भरत चालला असता पातळी हळूहळू उतरत असल्याचे ते दाखवीत राहिले. अधिक पातळीची सूचना देणारा दुसरा अलार्म वाजलाच नाही. अखेरीस द्रव मनोऱ्याच्या माथ्यावरून बाहेरच्या नळात शिरला, तेथून एका उघड्या धुरांड्यातून कारंज्यासारखा उसळला, त्याची वाफ पसरली आणि तिने पेट घेतला. त्या स्फोटात १५ माणसे मृत्यू पावली व १८० जखमी झाली.

अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या अपघाताची अनेक कारणे दिली आहेत. खर्चातील काटकसर, जुनी पडलेली यंत्रसामग्री, कामगारांच्या तात्पुरत्या कचेऱ्या धोक्याच्या जागी उभ्या करणे, पाळी बदलताना माहितीची अपुरी देवघेव, अशी ती कारणे आहेत. पडद्यापुढे बसलेला चालक २९ दिवस एकही सुट्टी न घेता बारा-बारा तासांच्या पाळीत काम करीत होता व त्याच्याकडे तीन यंत्रसमूह सोपविलेले होते. या यादीत आणखी एक साधी नोंद आहे. मनोऱ्यात किती द्रव जातो हे पडद्याच्या एका पानावर दिसत होते, व मनोऱ्यातून किती द्रव बाहेर पडतो हे दुसऱ्या पानावर. दोहोंची वजाबाकी कोठेही करून दाखविलेली नव्हती. थकलेल्या माणसाने एका पानावरील आकडा मनात धरावा, दुसरे पान उघडावे, आणि हौदाचे गणित मनातल्या मनात सोडवावे, अशी त्या पडद्याची अपेक्षा होती.

याहून खेदाची गोष्ट अशी की, हा धडा जगास नवा नव्हता. २४ जुलै १९९४ रोजी ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यावर सकाळी विजांचे वादळ झाले आणि अनेक यंत्रसमूहांचे काम विस्कटले. त्या गडबडीत एका ऊर्ध्वपातन-मनोऱ्यातून द्रव बाहेर नेणारा व्हॉल्व्ह बंद स्थितीतच अडकून राहिला; पडद्यावर मात्र तो उघडा असल्याचे दिसत होते. द्रव आत येत होता, बाहेर जात नव्हता. पुढे सुमारे चार तासांपेक्षा अधिक काळ चालक एकामागून एक उपाय करीत राहिले. दुपारी द्रवाने भरलेला एक नळ फुटला, सुमारे २० टन ज्वालाग्राही द्रव्य बाहेर पडले आणि मोठा स्फोट झाला. तो रविवार असल्यामुळे कारखान्यात माणसे थोडी होती. २६ जणांना इजा झाली, पण कोणी दगावले नाही.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने १९९७ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. संपूर्ण प्रक्रियेचे दर्शन एका दृष्टिक्षेपात घडविणारे पान चालकांपुढे नव्हते, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. कोणत्या भागात किती येते व त्यातून किती जाते याचा ताळा पाहण्याची सोय नव्हती. म्हणून चालक प्रत्येक पानावरील लक्षणावर इलाज करीत राहिले आणि मूळ रोग कोणासही दिसला नाही. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या १०·७ मिनिटांत दोन चालकांपुढे २७५ अलार्म आले. म्हणजे दर सव्वादोन-अडीच सेकंदांस एक! त्यांतील बहुसंख्य अलार्म सर्वाधिक महत्त्वाचे म्हणून नोंदलेले होते; आणि जेथे बहुतेक सर्वच महत्त्वाचे, तेथे महत्त्वाचे काहीच उरत नाही. हा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर आठ वर्षांनी टेक्सस सिटीचा मनोरा भरला.

भिंतीवरील फलक आणि पडद्याचा झरोका

हे वाचून एखाद्यास वाटेल की, पूर्वीची पद्धत बरी होती. पूर्वी नियंत्रण-कक्षाच्या भिंतीभर फलक असत; त्यांवर शेकडो काटे, दिवे व कळी मांडलेल्या असत. चालक त्यांच्यापुढून फिरत असे, आणि कोणती गोष्ट कोठे आहे हे त्याच्या पायांना व मानेलाही ठाऊक होत असे. १९७५ साली अमेरिकेतील हनीवेल आणि जपानमधील योकोगावा या कंपन्यांनी संगणकाधारित विकेंद्रित नियंत्रणप्रणाली बाजारात आणल्या, आणि तेव्हापासून ही भिंत हळूहळू पडद्यावरील पानांत उतरली. फायदे पुष्कळ झाले. जागा वाचली, नोंदी आपोआप होऊ लागल्या, फेरफार करणे सोपे झाले. परंतु भिंतीचा एक गुण हरवला. भिंतीवरील प्रत्येक काटा पाहणाऱ्याच्या नकळत त्याच्या डोळ्यांच्या कडेला हजर असे. पडद्यावर मात्र जे पान उघडले नाही ते चालकापुरते अस्तित्वातच नसते.

डेव्हिड वुड्स या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली या प्रश्नाचे विवेचन केले. मोठा यंत्रसमूह लहान पडद्यातून पाहणे म्हणजे किल्लीच्या भोकातून दिवाणखाना पाहण्यासारखे होय. भोकातून खुर्ची दिसेल, नंतर टेबल दिसेल. पण खुर्ची टेबलापासून किती दूर आहे हे पाहणाऱ्यास मनानेच जुळवावे लागते. वुड्स यांनी चित्रपटाच्या संकलनाचे उदाहरण घेतले. चांगला संकलक एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना प्रेक्षकाचा धागा तुटू देत नाही. वाईट संकलनात प्रत्येक दृश्यानंतर ‘आता आपण कोठे आहोत?’ असा प्रश्न पडतो. पडद्याचे पान बदलताना चालकास हाच प्रश्न पडत असेल, तर त्याच्या बुद्धीचा मोठा भाग कारखाना समजून घेण्यात नव्हे, तर पडदा समजून घेण्यात खर्च होतो.

तथापि जुन्या भिंतीचा गौरव करण्याचेही कारण नाही. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि तो पुन्हा बंद झालाच नाही. फलकावरील दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवीत नव्हता. बंद होण्याची आज्ञा व्हॉल्व्हला दिली गेली आहे, एवढेच तो दाखवीत होता. गळणारे पाणी ज्या टाकीत जात होते तिच्या दाबाचे मापक कक्षात होते, पण मुख्य फलकाच्या पाठीमागच्या बाजूस. प्रारंभीच्या काळात शंभराहून अधिक अलार्म वाजले. गळती थांबविण्यास सुमारे दोन तास वीस मिनिटे लागली, आणि तोवर अणुभट्टीच्या गाभ्याची अपरिमित हानी झाली.

येथे संगणकाचा पडदा दोषी नव्हता. दोष भिंतीचा होता. पण नीट पाहिले तर दोष एकच आहे. प्रश्न एका ठिकाणी उभा राहिला आणि त्याचे उत्तर फलकाच्या पाठीशी राहिले. फलकाची मागची बाजू आणि पडद्याचे न उघडलेले पान यांत तत्त्वतः काहीच अंतर नाही. म्हणून वाद भिंत विरुद्ध पडदा असा नाही. संकटाच्या वेळी ज्या गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात, त्या एकत्र मांडल्या आहेत की नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

आराखड्याची पाने आणि प्रश्नांची पाने

मग त्या एकत्र का मांडल्या जात नाहीत? याचे एक कारण पाने तयार होण्याच्या रीतीत आहे. कारखाना उभारताना नळ, टाक्या, पंप व व्हॉल्व्ह यांचे आराखडे काढतात. कागदाच्या आकाराप्रमाणे ते अनेक तक्त्यांत विभागलेले असतात. पडद्याची पाने करावयाची वेळ आली म्हणजे हेच तक्ते हाताशी असतात. मग एका तक्त्याचे एक पान होते. अशा रीतीने कारखाना कोठे तोडावयाचा हे प्रक्रिया ठरवीत नाही, कागदाची कड ठरविते. मनोऱ्यात येणारा नळ एका तक्त्यावर संपतो, मनोऱ्यातून जाणारा नळ दुसऱ्यावर सुरू होतो, आणि हौदाचे दोन नळ दोन पानांवर जाऊन बसतात.

जुन्या कोशकारांना हा भेद ठाऊक होता. वर्णानुक्रमाने रचलेला शब्दकोश ज्याला शब्द माहीत आहे त्याच्या उपयोगाचा असतो. अमरकोशाची रचना वेगळी आहे. त्यात स्वर्ग, भूमी, वनस्पती अशा विषयांचे वर्ग पाडले आहेत, कारण तेथे वस्तूवरून शब्दाकडे जावयाचे असते. आराखडा करणारा अभियंता पहिल्या प्रकारचा वाचक आहे. त्याला व्हॉल्व्हचा क्रमांक माहीत असतो. चालक, विशेषतः संकटातील चालक, दुसऱ्या प्रकारचा वाचक आहे. त्याला क्रमांक नव्हे, अडचण माहीत असते. ‘दाब का वाढतो आहे?’, ‘हा द्रव जातो कोठे?’, ‘हा भाग बंद केला तर पुढच्यास काय पोचेल?’ हे त्याचे प्रश्न असतात. पडद्याची पाने या प्रश्नांच्या वर्गांप्रमाणे रचली पाहिजेत.

अशा रचनेचे मार्गदर्शन आज उपलब्ध आहे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ऑटोमेशन या संस्थेने २०१५ साली चालकांच्या पडद्यांविषयी एक मानक प्रसिद्ध केले. त्यात पानांची चार पातळ्यांची उतरंड मांडली आहे. पहिल्या पातळीवर चालकाच्या ताब्यातील संपूर्ण क्षेत्राचे दर्शन. दुसऱ्यावर एकेका यंत्रसमूहाचे नेहमीचे नियंत्रण. तिसऱ्यावर एखाद्या यंत्राचा तपशील. आणि चौथ्यावर दोषशोधनास लागणारी बारीक माहिती. या उतरंडीचे महत्त्व तिच्या संख्येत नाही. वरच्या पानाने ‘बिघाड कोठे आहे’ हे सांगावे, दुसऱ्याने ‘काय करावे’ यास वाव द्यावा, आणि खालच्या पानांनी ‘का’ याचे उत्तर द्यावे, हे त्यातील तत्त्व आहे. त्यात आणखी एका नियमाची भर घालणे आवश्यक आहे. पहिल्या पातळीचे पान एका स्वतंत्र पडद्यावर सदैव उघडे असावे आणि दुसरे कोणतेही पान त्यावर येऊ नये. जे झाकता येते, ते गर्दीच्या वेळी झाकले जातेच.

पानावर नुसता आकडा असून भागत नाही. तो कोठून आला हेही दिसले पाहिजे. याचे उदाहरण भारताच्या सर्वांत दुःखद औद्योगिक आपत्तीत आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यात विषारी द्रव साठविलेल्या टाकीचा दाब पाळी बदलण्यापूर्वी चौरस इंचास सुमारे २ पौंड होता. अकराच्या सुमारास नव्या पाळीतील चालकाने तो १० पौंड असल्याचे पाहिले. दोन्ही आकडे नेहमीच्या मर्यादेत बसणारे होते, म्हणून त्याला त्यात वावगे वाटले नाही. भोपाळची कारणे याहून पुष्कळ खोल होती. सुरक्षेच्या अनेक योजना बंद वा निकामी पडल्या होत्या, आणि केवळ एका मापकाने तो अनर्थ टळला असता असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. दहा हा आकडा निरुपद्रवी दिसतो. दोनाचे अल्पावधीत दहा झाले, ही घटना निरुपद्रवी दिसत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याशेजारी गेल्या काही तासांचा लहानसा आलेख असेल, तर नव्या पाळीवर आलेल्या माणसास मागच्या पाळीची आठवण पडदाच करून देईल.

आक्षेप आणि उत्तरे

या विचारसरणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, पडद्यांची संख्या वाढविली म्हणजे प्रश्न सुटतो. एकाऐवजी आठ पडदे दिले, तर आठ पाने एकदम दिसतील हे खरे. परंतु कोणती आठ, हे ठरविण्याचे ओझे चालकावरच राहते; आणि पाने मुळात चुकीच्या कडेवर तोडलेली असतील, तर आठ पडद्यांवर आठ तुकडेच दिसतील. ज्या ग्रंथाची अनुक्रमणिका सदोष आहे, त्याच्या अधिक प्रती विकत घेऊन उपयोग होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, योग्य शिक्षण दिले तर चालक कोणत्याही पडद्याशी जुळवून घेतो. यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. माणूस रोजच्या वापराने रोजची वाट शिकतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली स्वयंचलनातील एक विसंगती दाखवून दिली. यंत्र जितके अधिक आपोआप चालते, तितका माणसाचा हात त्यावर कमी पडतो; आणि जे काम यंत्रास जमत नाही तेच, म्हणजे सर्वांत अवघड काम, सराव सुटलेल्या माणसाकडे येते. पानांच्या बाबतीतही हेच घडते. संकटात ज्या पानाची गरज सर्वाधिक, ते पान एरवी महिनोन् महिने उघडलेले नसते. त्याची वाट आठवणीवर सोपविणे म्हणजे आग लागल्यावर पाण्याची बादली कोठे ठेवली होती हे आठवीत बसणे होय. म्हणून ती वाट पडद्यानेच दाखविली पाहिजे. कोणत्याही अलार्मवरून ज्या पानावर कृती करावयाची त्या पानाशी एकाच कळीने जाता आले पाहिजे, व तेथून एकाच कळीने परत येता आले पाहिजे. ती कळ प्रत्येक पानावर त्याच जागी असली पाहिजे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. चालू कारखान्याची शेकडो पाने नव्याने रचणे सोपे नाही, आणि सवयीची पाने एकदम बदलणे हाही एक धोकाच आहे. हा आक्षेप तिघांत सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर ‘सर्व बदला’ असे असू शकत नाही. उत्तर असे की, सर्व पाने सारख्या मोलाची नसतात. ज्या टाक्यांत किंवा मनोऱ्यांत द्रव वा दाब साचल्याने जीवितास धोका पोचतो, त्यांची यादी करता येते; ती प्रत्येक कारखान्यात मर्यादितच असणार. निदान तेवढ्यांसाठी तरी आवक, जावक, पातळी आणि त्यांचा ताळा दाखविणारे एकेक पान करणे हे काम अशक्य कोटीतील नाही. जी मोजमापे आधीच घेतली जात आहेत, तीच एकत्र आणावयाची आहेत. टेक्सस सिटीत आवक आणि जावक यांची दोन्ही मापे संगणकात येतच होती. त्यांची वजाबाकी करावयास तिसऱ्या मापकाची गरज नव्हती.

स्वीकृतीची कसोटी

मुंबईच्या माहूलपासून गुजरातेतील जामनगरपर्यंत अवाढव्य तेलशुद्धीकरण कारखाने उभे आहेत. देशभर औष्णिक वीजकेंद्रे, खत कारखाने आणि पाणी शुद्ध करणारी केंद्रे पडद्यांवरून चालविली जातात. या पडद्यांची खरेदी होताना त्यांची कसोटी कोणती असावी, हा प्रश्न विचारण्याची वेळ खरेदीपूर्वीच असते. पडदे किती, पाने किती, मोजमापे किती, रंग किती, हे मोजणे सोपे असते. म्हणून तेवढेच मोजण्याचा मोह होतो. त्याऐवजी, किंवा निदान त्यासोबत, एक परीक्षा घ्यावी. कारखान्याच्या संगणकीय प्रतिकृतीवर, म्हणजे ज्याला सिम्युलेटर म्हणतात त्यावर, पाच-दहा संभाव्य बिघाड मुद्दाम घडवून आणावेत. एखादा व्हॉल्व्ह बंद अडकवावा व पडद्यावर तो उघडा दाखवावा; एखादे मापक खोटे करावे. मग पाळीतील खऱ्या चालकांना, अभियंत्यांना नव्हे, त्या पडद्यापुढे बसवावे. बिघाड ओळखण्यापूर्वी त्यांना किती पाने उलटावी लागली, कोणता आकडा मनात धरून दुसऱ्या पानावर न्यावा लागला, आणि किती वेळ गेला, याची नोंद करावी. ज्या पडद्यावर हौदाचे गणित मनात सोडवावे लागते, तो पडदा परत पाठवावा.

या परीक्षेत चालकांच्या भाषेकडेही लक्ष जावयास हवे. नियंत्रण-कक्षातील माणसे एकमेकांशी मराठीत, गुजरातीत, हिंदीत, तेलुगूत बोलतात. पडद्यावर मात्र क्रमांक आणि परक्या आद्याक्षरांची गर्दी असते. ती सर्व भाषांतरित करा, असा आग्रह येथे नाही. आणीबाणीच्या क्षणी फोनवरून जे नाव उच्चारले जाते, ते नाव पडद्यावरील त्या वस्तूशेजारी असावे, एवढीच अपेक्षा आहे. ‘जुना पंप’ आणि ‘पूर्वेकडचा पंप’ अशी नावे ज्यांना पाळीतील माणसांनी दिली आहेत, त्यांना त्या नावांनी ओळखणे अशास्त्रीय नव्हे. दोन माणसे एकाच वस्तूविषयी बोलत आहेत याची खात्री होणे, हीच शास्त्राची पहिली पायरी आहे.

अपघातानंतर ‘मानवी चूक’ हा शब्द फार लवकर उच्चारला जातो. चालकाने अमुक पाहावयास हवे होते, तमुक ओळखावयास हवे होते, असे अहवाल हाती घेऊन म्हणणे सोपे असते. कारण अहवालात आवक आणि जावक एकाच पानावर छापलेली असतात. ज्याच्यावर ठपका ठेवला जातो त्याच्यापुढे ते पान कधीच नव्हते. चूक माणसाकडून झाली हे मान्य केले, तरी ती चूक होण्याची जागा अगोदरच कोणीतरी आखून ठेवली होती, हे विसरता येत नाही. ती आखणी करणारे हात कचेरीत, शांतपणे, पुरेशा वेळात काम करीत होते. चालकाजवळ दहा मिनिटे आणि २७५ अलार्म होते.

म्हणून पडद्याच्या पानांची रचना हे शेवटी हाती घ्यावयाचे रंगकाम समजू नये. पात्राची जाडी आणि व्हॉल्व्हचा आकार ज्या काटेकोरपणाने ठरवितात, त्याच काटेकोरपणाने ती रचना ठरवावी, आणि ज्यांना तिच्यापुढे रात्रपाळी काढावयाची आहे त्यांना विचारून ठरवावी. हौदाचे गणित दहा-बारा वर्षांच्या मुलास येते. कारखान्यातील अनुभवी माणसास ते चुकावे, असा पडदा त्याच्यापुढे ठेवू नये.